'सौभद्र' अभ्यासाला लागलंय? मग आधी रेकॉर्डिंग बंद करा

'संगीत सौभद्र' नेमलेलं कळलं की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरांना हायसं वाटतं. अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाची गोष्ट आजीकडून ऐकलेली, पाच अंक, शेवट गोड. शिवाय नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातले, गुर्लहोसूरचे. पुढं 'आशयसूत्रे आणि नाट्यतंत्र यांची चर्चा करा' असा प्रश्न समोर येतो आणि पेन जागच्या जागी थांबतं. एम.ए.पासून प्राध्यापकीच्या 'नेट' परीक्षेपर्यंत मी या नाटकाशी झटतेय. ते पुरतं कह्यात आलंय असं आजही म्हणवत नाही, तेव्हा तुम्हाला जड जात असेल तर त्यात लाजायचं काही नाही.

कथानक तुम्हाला येतं असं धरते. पेपरात ते दोन पानं सांगत बसू नका, परीक्षक कंटाळतो. १८८२ साली पुण्यात आधी तीन अंक आणि पुढच्या वर्षी पूर्ण नाटक रंगभूमीवर आलं, गायक-नट भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा गाजवली, हे एका वाक्यात उरकावं.

आता खरा खड्डा. आमचा अख्खा वर्ग यात पडला होता. 'सौभद्र' आपल्यापर्यंत पुस्तकातून येतच नाही, गाण्यांतून येतं. गणपतीत, मैफलीत, मोबाइलवर 'राधाधर मधुमिलिंद' ऐकलेलं असतं, तेव्हा कानात ते भक्तिगीत होऊन बसतं. मग उत्तरात आपण 'भक्तिरसाचे उत्कृष्ट उदाहरण' असं ठोकून देतो. अरे, पण ते गातंय कोण? नारद. तोंडानं कृष्णाची स्तुती करत तो येतो आणि लगेच अर्जुनाला बातमी देतो की सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरलंय. एवढ्या गोड पदामागून एवढी कळ! स्तुती आणि आगलावेपणा शेजारी बसवण्यात तिथला विनोद आहे. पद प्रसंगातून उचललं की सूर उरतात, नाटक हातातून जातं.

दुसरं उदाहरण जरा सावकाश बघा, कारण इथंच गुण असतात. 'नच सुंदरी करू कोपा'. मैफलीत ही नुसती लाडिक चीज. नाटकात मात्र कृष्ण रुसलेल्या रुक्मिणीला मनवतोय. ज्याच्या बोटावर अर्जुन, बलराम, घटोत्कच सगळे नाचताहेत, त्याच्यावर घरात बायकोची मिनतवारी करायची पाळी आलीय. पदातली कल्पना अशी, की राग आला असेल तर मला शिक्षा कर, हातांच्या पाशात बांध, गालावर दातांचे व्रण कर. गुन्हेगार स्वतःच शिक्षा सुचवतोय आणि शिक्षा म्हणजेच बक्षीस! रूपक, शृंगार आणि हास्य तिघं एकाच जागी. जयदेवाच्या गीतगोविंदातली 'प्रिये चारुशीले' ही अष्टपदी शेजारी ठेवून वाचा. तिथंही कृष्ण राधेकडं हीच शिक्षा मागतो. कोपा, अनुकंपा, कंपा हे यमक दाखवून थांबणारे शेकड्यानं सापडतील. ही शिक्षेची गंमत उलगडली तर तुमचा पेपर वेगळा दिसेल.

म्हणून माझा हट्ट असा, की पहिलं वाचन गाणी न ऐकता करा. प्रत्येक पदाशेजारी पेन्सिलीनं लिहा: कोण म्हणतंय, कुणाला, आणि त्या क्षणी कुणाला काय माहीत नाही. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. अर्जुन संन्याशाच्या वेषात आहे हे कृष्णाला ठाऊक, प्रेक्षकाला ठाऊक. बलरामाला नाही. दुर्योधनाशी सोयरीक पक्की करायला निघालेला हा थोरला भाऊ त्याच भगव्यावर भाळून संन्याशाला घरी आणतो आणि सुभद्रेलाच त्याच्या सेवेला लावतो. बेत हाणून पाडणाऱ्याला त्यानं स्वतःच उंबऱ्याच्या आत घेतलं. नाट्यात्म उपरोध याहून सोपा करून मला सांगता येणार नाही. 'वद जाऊं कुणाला शरण' सुद्धा याच रकान्यातून वाचा. आपलं कुणी ऐकत नाही म्हणून सुभद्रा सखीपाशी रडते, आणि तिच्यासाठी कृष्णाची खटपट चाललीय हे आपल्याला दिसत असतं. दुःख खरं, तरीही आपण निर्धास्त. सुखात्मिकेत रडण्याला जागा कशी मिळते, ते इथं कळतं.

मूळ कथेचं एक पक्कं करून ठेवा. महाभारताच्या आदिपर्वात रैवतक डोंगरावरच्या उत्सवात अर्जुन सुभद्रेला पाहतो आणि कृष्णाच्या सल्ल्यानं तिला रथात घालून नेतो. त्रिदंडी संन्याशाचं सोंग आणि बलरामाच्या मनातला दुर्योधन भागवताच्या दशम स्कंधात, शहाऐंशीव्या अध्यायात आहेत. किर्लोस्करांनी त्यात घटोत्कच आणला, रुक्मिणीचा रुसवा आणला आणि द्वारकेचा वाडा आपल्या चौसोपी वाड्यासारखा केला. आशयसूत्र हवंय ना? मुलीच्या लग्नाचा निर्णय कुणाचा, हे ते. बलरामाला खलनायक मात्र करू नका. तो भोळा आणि हट्टी आहे, असे काका आपल्या प्रत्येक घरात असतात.

गाईड वापरू नका असं मी म्हणणार नाही, सगळे वापरतात. पण झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या नोट्समध्ये अलंकारांची यादी असते आणि पात्रांचा पत्ता नसतो. त्या जशाच्या तशा उतरवणाऱ्याला तोंडी परीक्षेत दुसऱ्या प्रश्नालाच घाम फुटतो. मार्गदर्शकांबद्दलही स्पष्टच बोलते: ज्यांनी नाटक रंगमंचावर कधी पाहिलं नाही, त्यांच्यापेक्षा गावच्या भजनी मंडळातला पेटीवाला जास्त शिकवतो. पदांच्या चालीतली साकी कुठली, दिंडी कुठली, हे तो दोन ओळी वाजवून दाखवतो. लाज सोडून त्याच्याकडं जा.

आणि कन्नड माध्यमातून आलेल्यांनी तर अजिबात घाबरू नये. मराठी शुद्धलेखनाचा त्रास होणार, तो सरावानं जातो. पण सौभद्राच्या कितीतरी चाली कर्नाटकी, आणि गोकाककडच्या कुलगोड तम्मण्णाचं 'श्रीकृष्ण पारिजात' हे कन्नड लोकनाट्य तुमच्यातल्या काहींनी जत्रेत रात्र जागून पाहिलेलं असेल. तिथला कृष्ण, तिथल्या रुसलेल्या बायका आठवा आणि किर्लोस्करांची रुक्मिणी शेजारी ठेवा. तुलनेचा प्रश्न आलाच तर पुण्या-मुंबईच्या मुलांकडं नसलेलं हे उदाहरण बिनधास्त लिहा.