कागदी पिशवीचे बोलणारे प्राणी, लहान मुलांसोबत कसे बनवायचे

पिशवी कुठलीही चालत नाही हे आधी सांगते. ज्या कागदी पिशवीचा तळ चौकोनी असतो आणि घडी घातली की तो तळ एका बाजूला दुमडून सपाट बसतो, तीच घ्या, कारण सगळी गंमत त्या दुमडलेल्या भागातच आहे. आणि छोटी घ्या, मोठ्या पिशवीत मुलाची बोटं वरपर्यंत पोचत नाहीत मग तोंड हलतच नाही. पिशवीवर छपाई असेल तर उलटी करून आतली बाजू बाहेर काढा. दोरीचे बंद असतील तर कापून टाका, गळ्यात अडकायला नकोत.

आता लगेच गोंद काढू नका. पिशवी उलटी धरा, उघडी बाजू खाली आणि दुमडलेला तळ वर, आपल्या समोर. मुलाचा हात खालून आत जाऊ दे, बोटं त्या तळाच्या घडीत घालायची आणि उघडमीट करायची. बस्स, पिशवी बोलायला लागली! तळ म्हणजे डोकं आणि त्याखालची घडी म्हणजे तोंड. हे मुलाला सांगून नाही कळत, हातात घालून कळतं, म्हणून ५ मिनिटं नुसतं बोलू द्या, आणि मग विचारा हा कोण आहे? मांजर की बेडूक की आणखी कोणी, ते त्यानेच ठरवायचं.

मग पिशवी परत सपाट ठेवून कामाला लागा. डोळे आणि नाक तळाच्या भागावर, पोट आणि पाय खालच्या भागावर, आणि जीभ घडीच्या आत, म्हणजे तोंड उघडलं की दिसते. सगळ्यात जास्त चूक इथेच होते, मोठा गोल चेहरा कापतात आणि वरपासून खालपर्यंत चिकटवून टाकतात, मग तोंड कायमचं बंद. चेहरा मोठा असला तरी गोंद फक्त तळाच्या भागालाच लावायचा, खालची कड मोकळी राहिली पाहिजे. ग्लू स्टिक बरी पडते, पातळ गोंदाने कागद ओला होऊन सुरकुततो.

कान कापताना कागद दुमडून एकच कान काढा, दोन सारखे निघतात. सिंहाच्या आयाळीसाठी बोटभर रुंदीच्या पट्ट्या पेन्सिलवर गुंडाळून सोडल्या की त्या वळतात, पण त्या डोक्याच्या कडेलाच लावा. हत्तीची सोंड मला सगळ्यात आवडते: दोन सारख्या लांब पट्ट्यांची टोकं काटकोनात चिकटवायची आणि मग एकदा ही पट्टी तिच्यावर, एकदा ती हिच्यावर अशा घड्या घालत जायचं, शेवटचं टोक चिकटवलं की स्प्रिंगसारखी हलणारी सोंड तयार. ही घडी ५-६ वर्षांच्या मुलाला जमते, त्याहून लहान असेल तर तुम्ही घाला आणि चिकटवायचं काम त्याला द्या.

२-३ वर्षांच्या मुलांच्या हातात कात्री नकोच, त्यांना कागद फाडू द्या, फाडलेल्या तुकड्यांचे पंख आणि केस तर कापलेल्यापेक्षा छान दिसतात. बटणं, मणी, हलणारे प्लॅस्टिकचे डोळे या वयात अजिबात नको, ते तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात, डोळे कागदाचे नाहीतर खडूने काढलेले. थोड्या मोठ्यांना बोथट टोकाची कात्री द्या आणि शेजारी बसा.

आणि प्लीज, मुलाने एक डोळा वर आणि एक खाली लावला तर तो काढून सरळ करू नका. त्याच्या मनात तो प्राणी तसाच आहे.

घुबड करायचं असेल तर पद्धत वेगळी, पिशवी सरळ उभी ठेवायची. डोळे-चोच आधीच काढून घ्या, नंतर फुगलेल्या पिशवीवर काढताना ती दबते. मग रद्दीचे बोळे अर्ध्यापर्यंत भरा, वरची कड मधोमध पुढे खाली दुमडून चिकटवा, दोन्ही कोपरे आपोआप कानांसारखे वर उभे राहतात.

सगळं नीट चिकटू द्या, मग एक प्राणी तुमच्या हातात घाला आणि एक मुलाच्या, पहिला प्रश्न मात्र त्याच्या प्राण्याला विचारू द्या.