तेजस्वी उल्का पाहताना या चुका टाळा

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास विदर्भात, खानदेशात, पार मध्य प्रदेशापर्यंत लोक अंगणात येऊन वर बघत होते. जळते तुकडे एका रांगेत, आरामात, आकाश ओलांडून चालले होते. तासाभरात सगळ्या ग्रुपवर व्हिडिओ फिरले आणि खाली एकच ओळ: ‘उल्कापात!’ त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. ती उल्का नव्हती. चिनी ‘लाँग मार्च’ रॉकेटचा एक टप्पा वातावरणात परत शिरून जळत होता.

व्हिडिओ निघाला म्हणजे उल्का, असं समजणं

खरं तर उलट आहे. खिशातून फोन काढला, लॉक उघडलं, कॅमेरा लावला आणि तरी ती गोष्ट समोर होतीच, तर ती बहुधा उल्का नाही. उल्का सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने येते आणि बहुतेक वेळा ‘अरे ते बघ’ म्हणेपर्यंत संपते. शुक्रापेक्षा तेजस्वी असते तिला अग्निगोल म्हणतात. तोसुद्धा सहसा चार-पाच सेकंदांचा पाहुणा. रॉकेटचे अवशेष सेकंदाला सात-आठ किलोमीटरने, जवळजवळ आडवे येतात, म्हणून मिनिटभर दिसत राहतात. एका ओळीत, न विझता, मण्यांच्या माळेसारखे ठिपके सरकत असतील तर ते इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे उपग्रह.

‘आमच्या डोंगरामागेच पडली’

ही चूक सगळ्यांकडून होते, माझ्याकडूनही झाली आहे. एका डिसेंबरात भोरकडच्या एका माळावर बसलो असताना हिरवट अग्निगोल समोरच्या टेकडीमागे उतरला. इतका जवळ वाटला की आम्ही दोघं बॅटऱ्या घेऊन निघालो. तासभर करवंदीची जाळी अंगावर ओरबाडून घेतली आणि परत आलो. सकाळी साधं गणित मांडलं: 40 किलोमीटर उंचीवर विझलेला गोल क्षितिजापासून 10 अंशांवर दिसला, तर तो आपल्यापासून सव्वादोनशे किलोमीटर लांब असतो. म्हणजे पुण्याहून पाहिलं तर थेट सोलापूरच्या आसपास!

जळत जळत जमिनीला टेकला, असं कोणी शपथेवर सांगितलं तरी तो भासच. ज्यातून दगड वाचतो तो अग्निगोलसुद्धा साधारण पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर विझतो आणि पुढचा रस्ता दगड अंधारात कापतो. त्यामुळे हातात येणारा अशनी, म्हणजे जमिनीवर पोहोचलेला उल्केचा दगड, लालबुंद निखारा नसतो आणि त्याने गवताची गंजी पेटत नाही.

तेव्हा धावू नका. आहात तिथेच उभे राहून घड्याळ बघा. मग उल्का कुठे सुरू झाली आणि कुठे विझली ते खूण लक्षात ठेवून नोंदवा: ‘मोबाइल टॉवरच्या डावीकडे, तीन मुठी वर’. हात ताठ धरला की बंद मूठ आकाशात सुमारे 10 अंश झाकते. किती सेकंद टिकली, रंग कोणता, तुकडे झाले का, हेही लिहा. हा तपशील आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या वेबसाइटवर भरता येतो. दोन-तीन वेगवेगळ्या गावांतून नोंदी आल्या की मार्ग काढता येतो. ‘खूप मोठी होती, वरून खाली गेली’ यातून काहीच काढता येत नाही.

काचेला नाक लावून उभं राहणं

अगदी प्रखर, दिवस उजाडल्यासारखा झगमगाट झाला तर खिडकीपासून दूर व्हा. आवाजाला एक किलोमीटरला तीन सेकंद लागतात. 30 किलोमीटरवरच्या स्फोटाचा दणका दीड मिनिटाने पोहोचतो. 15 फेब्रुवारी 2013 ला रशियातल्या चेल्याबिन्स्कमध्ये लोक उजेड कसला म्हणून खिडक्यांशी आले, दोनेक मिनिटांनी धक्का आला आणि काचा फुटल्या. जखमींचा आकडा दीड हजाराच्या घरात गेला.

चुकीची रात्र, चुकीची वेळ

ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातला (पर्सिड्स) उल्कावर्षाव जगभर गाजतो, पण 12-13 ऑगस्टला आपल्याकडे वर ढग आणि खाली चिखल. महाराष्ट्रातून धरायचा तो 13-14 डिसेंबरचा मिथुन राशीतला वर्षाव. तरीही आधी कॅलेंडरवर तिथी बघा. 2024 मध्ये 14 डिसेंबरला दत्तजयंती होती, म्हणजे पौर्णिमा; चांदण्यात फिक्या उल्का सगळ्या वाहून गेल्या. संध्याकाळी सात वाजता जाऊन नऊला ‘काही नाही दिसलं’ म्हणत परतणारेही बरेच. या उल्का मिथुनेतल्या पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळून आल्यासारख्या दिसतात; ते तारे पूर्वेला चांगले वर येऊ द्या. रात्री दोन-अडीचला ते जवळजवळ डोक्यावर असतात. त्यांच्याकडेच टक लावू नका, लांब शेपटीच्या उल्का तिथून दूर दिसतात. चटईवर आडवे व्हा आणि जास्तीत जास्त आकाश नजरेत घ्या.

डोळ्यांना अंधार सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका व्हॉट्सॲप मेसेजने ती कमाई जाते. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद रबरबँडने बांधा. दुर्बीण नको. स्वेटरवर घोंगडी घ्या, दव भरपूर पडतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: ऑटोफोकस बंद, ठळक ताऱ्यावर हाताने फोकस, रुंद लेन्स, पंधरा-वीस सेकंदांचे फोटो न थांबता काढत राहायचे. उल्का दिसल्यावर बटण दाबलंत तर रिकामं आकाश मिळेल.

चुंबक चिकटला म्हणून अशनी

पुस्तकात लिहिलेलं असतं: काळा, जड, चुंबकाला ओढ घेणारा. दख्खनवर राहणाऱ्याने हे वाचून हसावं, कारण आपला बेसॉल्ट काळा, जड आणि मॅग्नेटाइटमुळे चुंबकाला थोडी ओढ घेणाराही असतो! भोकं-भोकं असलेला दगड तर बहुतेक वेळा बेसॉल्ट नाहीतर लोखंडाच्या भट्टीतली धातुमळी. खऱ्या ताज्या अशनीवर पातळ, काळी, वितळलेली साय असते आणि तुटलेल्या कडेशी आतला फिका रंग दिसतो. 22 मे 2012 ला नागपूरजवळ काटोलला भर दुपारी पडले ते खरे अशनी. असं काही सापडलं तर धुऊ नका, फोडून वाटून घेऊ नका; जागेचा फोटो काढा, स्वच्छ कागदात गुंडाळा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.

आमच्या शेजाऱ्यांनी मोठ्या आशेने आणून दिलेला असाच एक काळा दगड चार वर्षं माझ्याकडे आहे. वाऱ्यात गच्चीचं दार आपटू नये म्हणून लावायला उत्तम.