नव्या फिशटँकला विरजण कसं लावावं

नव्या टाकीतलं पाणी कितीही नितळ दिसलं, तरी घाईने सोडलेले मासे काही दिवसांतच वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. कारण अमोनिया. तो माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडतो, उरलेलं खाणं कुजूनही होतो, आणि डोळ्यांना दिसत नाही. मुरलेल्या टाकीत काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटनेही माशांचं रक्त तपकिरी पडतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. नायट्रेट त्या मानाने सौम्य. पाणी बदललं की कमी होतं. म्हणून आधी जिवाणू वाढवायचे, मासे नंतर आणायचे.

नळाचं पाणी भरलं की अँटीक्लोरीन घाला, कारण क्लोरीन जिवाणूंनाही मारतं. स्पंज फिल्टर आणि एअर पंप सुरू करा, ते आता रात्रीही बंद करायचे नाहीत. जिवाणू पाण्यात फारसे नसतात. स्पंज, खडी, काच यांना चिकटून राहतात, आणि त्यांना सतत प्राणवायू लागतो.

आता त्यांचं खाणं. माशांचं खाद्य टाकून कुजू देता येतं, पण अमोनिया किती झाला ते कळत नाही. मी शुद्ध अमोनियम क्लोराइड वापरतो. 3 ग्रॅम पावडर 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा आणि 50 लिटरच्या टाकीत त्यातलं 10 मिलिलिटर घाला. लिटरला साधारण 2 मिलिग्रॅम अमोनिया होतो, तेवढा पुरे. बाजारातला नवसागर म्हणजे हाच पदार्थ, पण त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. तो नको.

आणि विरजण! ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिथला मळका स्पंज मागून आणा, ओलाच. नव्या टाकीत तो पिळला की तपकिरी गढूळ पाणी सुटतं. ते पाहून कुणी नाक मुरडेल, पण हवं आहे ते त्यातच. पिळून झाल्यावर तो स्पंज फिल्टरशेजारीच ठेवा. विरजण मिळालं तर एक-दोन आठवड्यांत काम होऊ शकतं, नाहीतर चार ते सहा आठवडे धरा. पाणी 25 ते 28 अंश असलं की वाढ चांगली होते.

दर दोन दिवसांनी थेंबांच्या किटने पाणी तपासा. माझ्या किटमध्ये अमोनिया असला की नळीतलं पाणी हिरवं होतं, नसला की पिवळं राहतं. अमोनिया संपत आला की पुन्हा तेवढाच डोस द्या. मधले काही दिवस नायट्राइटची नळी गडद जांभळी येते आणि उतरतच नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. थांबा. सगळंच अडलंय असं वाटलं तर पीएच बघा. हे जिवाणू पाण्यातला क्षार खातात, पीएच 6.5च्या खाली गेला की मंदावतात. थोडं पाणी बदललं की पुन्हा कामाला लागतात.

डोस दिल्यावर 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की अर्ध्याहून जास्त पाणी बदला आणि दोन-तीनच मासे सोडा. पुढचे आठवड्याभराने. स्पंज पुढे कधी तुंबला तर तो नळाखाली धरू नका, टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळून घ्या.