बंद ट्रॅक्टर: भंगारवाल्याला हाक मारण्याआधी

इंजिन गेलं म्हणजे ट्रॅक्टर गेला, असं धरून चालू नका. चालत्या मॉडेलचे लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग तालुक्याच्या दुकानातही मिळतात. निर्णय खरा फिरतो तो बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) घरांवर, क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) साईजवर आणि आरसीवर. म्हणून मिस्त्रीकडून खर्चाचा आकडा घेण्याआधी एवढं बघा.

ब्लॉक, क्लचचं घर, गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियलचं घर तारेच्या ब्रशने घासून डिझेलने पुसा. तडा किंवा वेल्डिंगचा जुना टाका दिसतो का? ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते, ही घरंच एकमेकांना बोल्टने जोडून सगळा भार पेलतात. क्लचच्या घराला वेल्डिंग असेल तर नांगराच्या ओढीला ते पुन्हा उघडण्याची धास्ती कायम राहते. असा ट्रॅक्टर सुट्या भागांत विकलेला बरा. ब्लॉकला तडा बहुधा तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्याने गेलेला असतो.

आता इंजिन. लगेच स्टार्टर मारू नका. आधी ऑइल चेंबरचा नट थोडा सैल करा; पाणी जड असतं, आत असेल तर तेच आधी येतं. ऑइल ताकासारखं पांढरट असेल तर बहुधा हेड गॅस्केट किंवा लायनरचे ओ-रिंग गेलेत. मग सगळे नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा आणि क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून इंजिन हाताने फिरवा. सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर भोकातून उडेल. तेच नोझल बसवून स्टार्टर मारला असता तर पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

फिरतच नसेल तर प्रत्येक भोकात डिझेल आणि पॉवर स्टीअरिंगचं तेल निम्मं-निम्मं, साधारण अर्धी वाटी ओता. दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पाना पुढे-मागे हलवत जोर लावा. तरी हलत नसेल तर हेड उघडा. दुसऱ्या ट्रॅक्टरने गिअरमध्ये ओढून जाम सोडवायचा प्रयोग गावोगाव चालतो आणि त्यात चिकटलेल्या रिंगा तुटून लायनर ओरबाडला जातो.

मोकळं झालं की टाकी धुवा, दोन्ही डिझेल फिल्टर, ऑइल आणि पाणी नवं घाला, डिझेलच्या नळीतली हवा काढा. सुरू करण्याआधी पंपाचा बंद करायचा दांडा मोकळा हलतो ना, ते बघाच. बरेच दिवस पडून पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) अडकला असेल तर इंजिन सुसाट सुटतं आणि किल्ली फिरवून थांबत नाही. हवेच्या तोंडावर दाबायला जाड फळी हाताशी ठेवा.

पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम होऊ द्या. ऑइल टाकायच्या तोंडातून भकाभक धूर आणि एक्झॉस्टला निळा धूर म्हणजे रिंगा-लायनरचं काम. नुसता काळा धूर असेल तर एअर क्लीनर, नोझल आणि पंप तपासून घ्या. तेवढ्यासाठी इंजिन उघडू देऊ नका. गरम झाल्यावर ऑइल प्रेशर उतरलं तर बेअरिंगकडे बघावं लागतं. फुल इंजिनचं काम ठरवण्याआधी क्रँक कितव्या साईजवर आहे ते मोजून घ्या. क्रँक जितका घासलेला, त्या मापाने बेअरिंग दहा, वीस, तीस, चाळीस (इंचाचे हजारावे भाग) अशा साईजमध्ये येतात. चाळीसवर आलेला क्रँक पुन्हा घासता येत नाही, नवा घ्यावा लागतो आणि हिशेब तिथेच बदलतो.

गिअरबॉक्सचं तेल गाळून त्यात चुंबक फिरवा. बारीक भुकटी चालते, दातांचे तुकडे चालत नाहीत. हायड्रोलिकवर वजन उचलून इंजिन बंद करा. झपाट्याने खाली आलं तर बहुधा ओ-रिंग किंवा व्हॉल्व्ह, म्हणजे किरकोळ काम. इंजिन धड पण मागचा भाग खिळखिळा असेल आणि पीटीओ (यंत्र जोडायचा मागचा फिरता शाफ्ट) फिरत असेल, तर जागेवर उभा करून मळणी यंत्रासाठी वापरता येतो.

हिशेब असा मांडा (आकडे फक्त उदाहरणाचे). दुरुस्त करून चालू स्थितीत भाव 2,00,000, मिस्त्रीचा अंदाज 90,000. उघडल्यावर निघणाऱ्या कामांसाठी अंदाजाच्या चौथाई धरा, म्हणजे 22,500. उरतात 87,500. आहे तसा 70,000 ला जात असेल तर 17,500 साठी हा व्याप करू नये. स्वतःच्या शेतीसाठी ठेवायचा असेल तर तुलना वर्षभराच्या भाड्याच्या नांगरटीशी करा.

विकताना चासी आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवा. नोंदणीची 15 वर्षं उलटली असतील तर आधी फॉर्म 25 वर नूतनीकरण, मग 29 आणि 30 वर नावबदल. बँकेचं कर्ज होतं तर आरसीवरची त्याची नोंद उतरवायला ना हरकत दाखला आणि फॉर्म 35 लागतो. सातबाऱ्यावर बोजा चढवलेला असेल तर तोही फेरफाराने उतरवून घ्या, तो आपोआप जात नाही. नावबदलाशिवाय ट्रॅक्टर देऊ नका, कारण अपघात झाला तर नोटीस जुन्या मालकाला येते.

भंगारातच द्यायचा ठरला तर अख्खा देऊ नका. बॅटरी, स्टार्टर, अल्टरनेटर, डिझेल पंप, हायड्रोलिक पंप आणि चांगले टायर वेगळे विकले जातात. जुना पितळी रेडिएटर लोखंडाच्या भावात घालवू नका. उरलेलं वजन तुमच्या माहितीतल्या काट्यावर करा. आणि नोंदणी रद्द करा: वाहन कायमचं निकामी झालं की 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते. आरटीओकडून विचारून घेईपर्यंत चासी नंबर कोरलेला तुकडा भंगारवाल्याला नेऊ देऊ नका.