पैसा कोणत्या महिन्यात येतो?

मी लातूरची. २०१६ मध्ये क्लार्क म्हणून बँकेत लागले, पहिलं पोस्टिंग केज तालुक्यात. लागून दोन महिने होतात न होतात तोच नोटबंदी आली, त्यामुळे काउंटरवर माणसं कशी सांभाळायची हे शिकायला वेगळं ट्रेनिंग लागलं नाही. पुढच्या वर्षी मॅनेजर साहेब म्हणाले, "तुम्हाला बोलायला जमतं, विम्याची परीक्षा देऊन टाका." ५० तासांचं ट्रेनिंग, मग आयसी-३८ ची परीक्षा, आणि मी शाखेची 'एसपी' झाले. म्हणजे बँकेत बसून विमा समजावून विकण्याचा परवाना असलेली व्यक्ती. नव्याने लागलेल्या बऱ्याच पोरापोरींच्या वाट्याला हे येतंच, म्हणून हे लिहितेय.

परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. पुस्तक एकदा नीट वाचलं, सरावाचे पेपर सोडवले की निघते. खरी परीक्षा समोर गिऱ्हाईक येऊन बसल्यावर असते, आणि त्यात मी पहिल्याच वर्षी नापास झाले.

मार्च २०१८. शाखेचं विम्याचं टार्गेट अर्धंही झालं नव्हतं. एका आबांच्या खात्यात रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला आला होता. वय ५८, उरलेली जमीन चार एकर, पोरगी लग्नाची. ते एफडी करायला आले आणि मी त्यांना दहा वर्षं हप्ते भरायची पॉलिसी दिली, वर्षाला एक लाखाची. खोटं काही बोलले नाही, असं तेव्हा मनाला समजावलं. "एफडीसारखंच आहे आबा, वर विमा फुकट." एवढंच. फॉर्मवर वार्षिक उत्पन्न तीन लाख लिहिलं. कंपनीकडून खात्री करायला फोन आला तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी राहून मान हलवत होते, आणि ते माझ्या मानेकडे बघून "हो, हो" म्हणत होते.

पुढच्या मार्चमध्ये आबा प्लास्टिकच्या पिशवीत बॉन्ड, म्हणजे पॉलिसीचा मूळ कागद, घेऊन आले. पाकिटही नीट फाडलेलं नव्हतं. "मॅडम, तुम्हीच म्हणला होता एफडीवानी हाय. मग आता अजून लाख कशाचं?" पोरीचं लग्न झालं होतं, खात्यात अकरा हजार होते. बॉन्ड हातात पडल्यापासून पॉलिसी परत करायला तेव्हा १५ दिवस मिळायचे, ते ट्रंकेतच गेले होते. आणि दहा वर्षं हप्त्यांच्या पॉलिसीला तेव्हाच्या नियमाने तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय मोडल्यावर काही हाती लागत नसे. आबांचा लाख गेला. ते ओरडले नाहीत. पाणी पिऊन गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी नियम नीट वाचायला बसले. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहकांच्या हक्कांची सनद काढली, तिच्यात पाच हक्क आहेत. न्याय्य वागणूक, पारदर्शक व्यवहार, गोपनीयता, तक्रारीची दाद, आणि मध्ये एक सुयोग्यतेचा हक्क: जे विकायचं ते त्या माणसाच्या गरजेला, ऐपतीला आणि समजेला साजेसं असलं पाहिजे. शाखेच्या भिंतीवर ही सनद फ्रेममध्ये होती. माझी पाठ तिच्याकडे असायची.

पण 'सुयोग्य' ठरवायचं कसं? गरज तपासायच्या फॉर्मवर रकाने असतात: वय, वार्षिक उत्पन्न, अवलंबून माणसं, जोखीम घेण्याची तयारी. आबांचे सगळे रकाने बरोबर भरले होते, वर्षाचे तीन लाख हेसुद्धा तसं खोटं नव्हतं. पण ते तीन लाख कधी येतात हे विचारणारा रकाना नाही, आणि मराठवाड्यात सगळी गोम तिथेच आहे.

नोकरदाराचा पैसा महिन्याच्या महिन्याला येतो. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीला येतो, कापसाचा त्यानंतर वेचणीप्रमाणे, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत. उसाचं बिल कायद्याने १४ दिवसांत, प्रत्यक्षात कारखाना देईल तेव्हा. दुधाचं बिल दहा दिवसांला. आणि जायला मात्र सगळा जूनमध्येच जातो: बियाणं, खत, पोरांच्या वह्या, फी. आता गंमत बघा. वार्षिक हप्त्याची तारीख ठरते पॉलिसी सुरू झालेल्या तारखेवरून. बँकेचं टार्गेट मार्चला संपतं, म्हणून आपण मार्चमध्ये विकतो, आणि पुढची दहा वर्षं त्या माणसाचा हप्ता मार्चमध्ये पडतो. तुरीचे पैसे संपलेले, पीककर्ज फिरवायची घाई, लग्नसराई तोंडावर. आपला मार्च त्याच्या गळ्यात दहा वर्षं.

म्हणून माझा पहिला प्रश्न आता ठरलेला आहे: पैसा कोणत्या महिन्यात येतो? उत्पन्न किती ते नंतर. किती हे लोक चोरून सांगतात, कधी हे मोकळेपणाने सांगतात. फॉर्मच्या मागे पेन्सिलीने बारा महिन्यांची अद्याक्षरं लिहायची आणि बोलता बोलता अधिक-वजा करत जायचं. पाच मिनिटांचं काम आहे. दूधवाल्याला रिकरिंग, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रकमेची ठेव, झेपते, निव्वळ सोयाबीनवाल्याला झेपत नाही. त्याला नोव्हेंबरात सुरू होणारं काहीतरी द्या, नाहीतर साधी एफडी द्या आणि गप्प बसा.

दुसरी अडचण शब्दाची. आपल्याकडे 'विमा' म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे पीकविमाच येतो. "विमा आला का?" म्हणजे खात्यात भरपाई जमा झाली का. त्यात खरीप २०२३ पासून काही हंगाम शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून पुन्हा स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, खरिपाच्या सोयाबीनला विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत. अशा माणसाला तुम्ही आयुर्विमा सांगता तेव्हा तो मनात म्हणत असतो की पाऊस गेला की यातूनही काहीतरी येईल. मी आता सरळ विचारते, "काका, हा पैसा कधी मिळणार असं तुम्हाला वाटतं?" उत्तर ऐकून हसू नका. एकदा एक काका म्हणाले, "कलेक्टरनं पंचनामा केला की."

सगळ्यात जास्त शिकले ते ऊसतोड कामगारांकडून. दसऱ्याच्या आसपास मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेऊन जोडपी बाहेर पडायच्या तयारीत असतात, तेव्हा शाखेत गर्दी होते. एकदा धारूरकडचं एक जोडपं आलं. कुणीतरी त्यांना महिन्याच्या हप्त्याची बचत पॉलिसी सुचवली होती. सहा महिने उसाच्या फडावर असणारी माणसं, गावातलं खातं रिकामं. महिन्याचा हप्ता कुठून कापला जाणार? मी त्यांना सरकारी दोन विमे समजावले. जीवन ज्योती वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तर दोन लाख. दुसरा सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघातासाठी दोन लाख. ऑक्टोबरात जीवन ज्योतीला पूर्ण हप्ता लागत नाही, ३४२ पुरतात. बाई म्हणाल्या, वय पंचेचाळीस. आधारवर ५२ निघालं. जीवन ज्योतीत ५० नंतर नव्याने घेत नाहीत, मग त्यांना फक्त २० रुपयांचा, तो ७० पर्यंत चालतो. नवऱ्याला दोन्ही.

इथे सही घेऊन थांबलात तर काम अर्धंच झालं. तीन गोष्टी मी त्यांना तोंडपाठ करून घ्यायला लावल्या. जीवन ज्योतीत पहिले ३० दिवस अपघाताशिवायचा मृत्यू धरत नाहीत. फडावर साप चावला तर आधी सरकारी दवाखाना, कारण सर्पदंशाच्या दाव्याला दवाखान्याचा लगेचचा कागद लागतो. मांत्रिकाकडे गेलात तर माणूसही जातो आणि दावाही. आणि वर्ष ३१ मेला संपतं, तेव्हा गावी परतलात की मेच्या तिसऱ्या आठवड्यात खात्यात दोघांच्या हप्त्यांपुरते पैसे ठेवा. वारसाचं नाव आधारशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. 'सुमन' आणि 'सुमनबाई' यांच्यात कागदोपत्री दोन बायका होतात.

यातून मला टार्गेटचं काय मिळालं? काही नाही. पण सहा महिन्यांनी तीच बाई वस्तीवरच्या अकरा जणींना घेऊन आली.

ठेवीदारांचं थोडक्यात सांगते. निवृत्त गुरुजी दोन टक्के जास्त व्याजासाठी पतसंस्थेत जायला निघाले की वाद घालू नका. एकच सांगा: बँकेतल्या ठेवीला व्याजासह पाच लाखांपर्यंत ठेवविम्याचं कवच आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. बंद शटरपुढे रांगा लावलेली माणसं आपल्या भागात सगळ्यांनी पाहिली आहेत, पुढचं त्यांना कळतं. साठी ओलांडलेल्याला ज्येष्ठ नागरिक बचत योजना आधी दाखवा. ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. यात आपल्याला विम्याइतकं कौतुक मिळत नाही, चालायचंच.

कर्जासोबत विमा 'घ्यावाच लागतो' असं मात्र कधी म्हणू नका. लागत नाही. कर्जविमा चांगला असू शकतो, घरचा कर्ता एकटा असेल तर मी स्वतः सुचवते, पण वेगळा फॉर्म, वेगळी सही, आणि 'नको' म्हणाला तरी कर्ज थांबणार नाही हे आधी सांगून.

टार्गेटशी भांडायचं कसं, हे नवे लोक नेहमी विचारतात. तत्त्वाच्या गोष्टी सांगून उपयोग होत नाही, मी करून पाहिलंय. मॅनेजरला १३ व्या महिन्याचा आकडा दाखवा, म्हणजे पहिल्या वर्षी विकलेल्या पॉलिसींपैकी किती जणांनी दुसरा हप्ता भरला. तो पडला की वरून विचारणा होते. नोव्हेंबरात विकलेल्या माझ्या पॉलिसींचा दुसरा हप्ता येतो, मार्चमध्ये विकलेल्यांचा येत नाही. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर आमच्या साहेबांनी विम्याचा मेळावा दिवाळीनंतर घ्यायला परवानगी दिली.

आता नियम ग्राहकाच्या बाजूने थोडे सरकले आहेत. १ एप्रिल २०२४ पासून पॉलिसी परत करायला ३० दिवस मिळतात, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून पहिल्या वर्षाचा हप्ता भरून वर्ष पूर्ण झाल्यावर पॉलिसी मोडली तरी काहीतरी परत मिळतं. मी बॉन्ड आल्यावर विसाव्या दिवशी स्वतः फोन करते, "पाकीट फोडलं का?" तरी फसवणूक झालीच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा फोन नंबर, आणि तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपाल. मराठवाड्यासाठी ते पुण्यात बसतात आणि फी लागत नाही. बँकेच्या सेवेबद्दलची तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल. हे ग्राहकाला सांगायला लाजू नका, तुमच्याविरुद्ध असलं तरी. आबांना २०१९ मध्ये मी हे सांगितलं नव्हतं.

आबा अजून येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोयाबीन विकून आले. हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आडतीवर त्यांना त्याहून कमीच मिळाला, त्यावरून अर्धा तास बोलले. मग खिशातून आडतीची पट्टी (विक्रीची पावती) काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "एफडी करा. खरी एफडी." मुदत मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगितली: २५ मेला मोडायला पाहिजे, बियाणं आणायचंय.