पुण्यातील घराच्या मॉडेलमध्ये ऊन आधी तपासा

रेव्हिट या इमारतीचे त्रिमितीय मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भिंती उभ्या करण्याआधी प्रकल्पाचे स्थान आणि खरी (म्हणजे भौगोलिक) उत्तर दिशा नोंदवावी. पुण्याचा अक्षांश सुमारे 18.5 अंश उत्तर आहे आणि तो चुकला, तर पुढची प्रत्येक सावली चुकते. मग एप्रिलमधील संध्याकाळी पाचची वेळ लावून पश्चिमेची खिडकी जवळून पाहावी: दोन फुटांचा छज्जा असूनही तिरपे ऊन थेट पलंगापर्यंत येते, कारण सूर्य बराच खाली उतरलेला असतो. तेथे छज्जा वाढवण्यापेक्षा बाहेरून उघडमिटीच्या झडपा किंवा जाळी द्यावी, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतर एनर्जीप्लस या इमारतीचा ऊर्जावापर मोजणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्थानिक हवामानाची फाइल घालून दोन्ही पर्यायांतील वातानुकूलनाचा भार ताडून पाहावा. उन्हाबरोबर आणखी एक तपासणी करावी: बीमला छेदणारे नळ नेव्हिसवर्क्स या मॉडेलमधील टकरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच शोधावेत. काँक्रीट ओतल्यानंतर बीम फोडणे इमारतीच्या जिवावर बेतू शकते.