कंपनी उत्पादन परदेशी नेतेय? सरकारकडे काय मागायचं, कुठे आणि कधी

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीतला कारखाना परदेशी निघाला की त्याची बातमी आधी गेटवर कळते, पेपरात फार उशिरा येते. दुरुस्तीला जाणारा साचा परतीच्या गेट पासवर बाहेर पडतो. तेच साचे, फिक्स्चर आणि गेज विना-परतीच्या पासवर जायला लागले की लक्ष द्या. एरवी आठवड्याचा माल साठवणारी कंपनी दोन महिन्यांचा माल आगाऊ बनवून घेतेय, मशीनच्या देखभालीचा वार्षिक करार पुढे वाढवला नाही, पाहुणे येऊन प्रत्येक स्टेशनचं चित्रण करून गेले, यातली एकेक गोष्ट सुटी काहीच सिद्ध करत नाही. तीन एकत्र दिसल्या की युनियननं नोंदवही सुरू करावी: तारीख, पाळी, मशीन क्रमांक, नग, पासचा प्रकार. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहायचं. कंपनीची ड्रॉइंग, चलनं, ईमेल यांचे फोटो काढू नका. गोपनीयता मोडल्याचं आरोपपत्र मिळतं आणि साच्यांचा विषय बाजूला पडून तुमचीच चौकशी सुरू होते.

मागणी कोणती टिकते

‘सरकारनं कंपनीला जाऊच देऊ नये’ ही मागणी मोर्चात जोरात चालते, कायद्यात फार पुढे जात नाही. धंदा बंद करण्याचा हक्क हा व्यवसायाच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये एक्सेल वेअर खटल्यात म्हटलं आणि परवानगीची तेव्हाची तरतूद रद्द केली. नंतर कायदा सुधारला, आणि सुधारलेली तरतूद 2002 मध्ये न्यायालयानं वैध ठरवली. म्हणजे सरकार कारण तपासू शकतं, वेळ घेऊ शकतं, नकारही देऊ शकतं. पण तो नकार कारणांसहित हवा आणि तो कायमचा नसतो.

सरकारनं मध्ये पडावं का, तर पडावं. पण कुलूप आपल्या हातात घेऊन नाही. एम्प्रेस मिल नागपूरकरांना सांगायला नको: 1877 मध्ये सुरू झालेली गिरणी 1986 मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये शेवटी बंदच पडली. आज तिथे मॉल आहे. सरकारचा हात खरोखर पोचतो तो तीन ठिकाणी: मुदत, सरकारनं स्वतः दिलेल्या सवलती, आणि कामगारांची देणी. निवेदन याच तीन गोष्टींभोवती बांधा.

आधी डोकी मोजा

औद्योगिक संबंध संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे. कारखान्यात मागच्या 12 महिन्यांत सरासरी 300 किंवा जास्त कामगार असतील तरच बंद करण्याआधी सरकारची परवानगी लागते. जुन्या कायद्यात हा आकडा 100 होता. परवानगीची ही अट कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागू आहे. मिहानमधल्या आयटी कंपनीला किंवा गोदामाला नाही.

घोळ इथेच होतो. कंत्राटी माणसं आणि शिकाऊ उमेदवार कंपनी या मोजणीत धरत नाही. गेटमधून रोज 450 जण आत जातात आणि कंपनीच्या कागदावर 240 दिसतात. कंत्राट नावापुरतं आहे, काम कायम स्वरूपाचं आहे आणि देखरेख कंपनीचीच आहे, हे सिद्ध करायला वेळ लागतो. म्हणून ठेकेदारांची नावं, ओळखपत्रं, पगाराच्या पावत्या आणि कोणत्या मशीनवर कोण किती वर्षं आहे याची यादी आधीच जमवा. बंदच्या नोटिशीनंतर ही माणसं शोधत बसलात तर निम्मी गावी गेलेली असतात.

300 किंवा जास्त असतील तर

कंपनीला बंद करायच्या तारखेच्या किमान 90 दिवस आधी सरकारकडे अर्ज करावा लागतो आणि त्याची प्रत कामगारांच्या प्रतिनिधींना द्यावी लागते. अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत सरकारनं निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. 1 जुलैला अर्ज पोचला तर 30 ऑगस्टला ही मुदत संपते. हा 60 दिवसांचा आकडा युनियनच्या फलकावर लाल खडूनं लिहून ठेवा. 2025 मध्ये हरिनगर शुगर मिल्सच्या बिस्किट कारखान्याच्या खटल्यात हेच झालं: अर्जावर खात्यानं खुलासे मागितले, पण अधिकार असलेल्यानं वेळेत निर्णय दिला नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं परवानगी मिळालीच असं धरलं. म्हणून पहिल्या दहा दिवसांत अपर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात लेखी हरकत द्या, सुनावणी मागा, पोच घ्या, आणि तिसऱ्या आठवड्यापासून मंत्रालयात फाइल कोणाच्या टेबलावर आहे ते दर सोमवारी विचारा. इथे भाषणापेक्षा पाठपुरावा कामाला येतो.

हरकतीत कंपनीच्या कारणाला हात घाला. ‘तोटा’ म्हणत असेल तर ताळेबंद मागा. याच उत्पादनाच्या मागणीत घट नाही, ते फक्त दुसऱ्या देशात बनणार आहे, एवढं दाखवता आलं तरी ‘कारण खरं आणि पुरेसं आहे का’ हा प्रश्न सरकारला टाळता येत नाही.

300 पेक्षा कमी असतील तर

परवानगी नाही, पण 50 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्याला बंदची 60 दिवसांची कारणांसह नोटीस सरकारला द्यावीच लागते. त्याहून उपयोगी आहे आधीची पायरी. कारखाना चालू असतानाच एखादी लाइन हलवून माणसं कमी करायची असतील तर सेवाशर्तीतल्या बदलाची 21 दिवसांची नोटीस लागते. ती न देता मशीन उचललं की लगेच समेट अधिकाऱ्याकडे (वाद मिटवायला सरकारनं नेमलेला अधिकारी) वाद दाखल करा. समेट फसला तर अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत न्यायाधिकरणाकडे थेट जाता येतं. ट्रक मात्र अडवू नका, आणि 14 दिवसांची नोटीस न देता संपही करू नका. निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी नव्या संहितेत तो संपच धरला जातो.

सरकारनं काय दिलं होतं, ते शोधा

निवेदनाचं खरं वजन इथे आहे. विदर्भात यायचं म्हणून कंपनीला सामूहिक प्रोत्साहन योजनेतून करपरतावा, मुद्रांक शुल्क माफी, वीज शुल्क माफी मिळाली असेल. 80 टक्के स्थानिकांना रोजगाराची अटही त्यात असते. सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आणि एमआयडीसी दोन्ही आहेत, तिथे माहिती अधिकाराचे दोन वेगळे अर्ज टाका. महाराष्ट्राच्या नियमानं एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, शुल्क 10 रुपये. पहिल्या अर्जात पात्रता प्रमाणपत्राची अटींसह प्रत आणि वर्षवार दिलेली रक्कम मागा. दुसऱ्यात भूखंडाच्या भाडेपट्ट्याची प्रत आणि हस्तांतरणाचा अर्ज आला आहे का, एवढंच. 30 दिवसांत उत्तर यायला हवं. कंपनीला त्रयस्थ पक्ष म्हणून विचारलं तर 40. म्हणजे हे अर्ज बंदच्या नोटिशीची वाट न बघता, साचे हलू लागले त्याच आठवड्यात जायला हवेत. ‘व्यापारी गुपित’ म्हणून नकार आला तर 30 दिवसांत पहिलं अपील करा: सरकारी तिजोरीतून दिलेली रक्कम हे गुपित कसं, हा एकच मुद्दा पुरे.

भूखंड एमआयडीसीचा, 95 वर्षांच्या पट्ट्यावर असतो. तो दुसऱ्याला द्यायला महामंडळाची परवानगी लागते, आणि ही परवानगी कामगारांची देणी चुकवल्याशिवाय देऊ नये, ही मागणी अधिकाऱ्याच्या हातातली आहे. यंत्र ईपीसीजी योजनेत (निर्यातीच्या अटीवर यंत्रं आयात करायची केंद्राची योजना) शून्य आयात शुल्कावर आलं असेल तर वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करायची अट असते. ती पुरी न करता यंत्र हललं तर शुल्क व्याजासह वसूल होतं. हे डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालय) नागपूर कार्यालयाला लेखी कळवा.

सवलत परत मागणं अशक्य नाही. 2008 मध्ये नोकियानं जर्मनीतल्या बोखुमचा कारखाना रोमानियात नेला, तेव्हा तिथल्या राज्य सरकारनं अनुदानाचे व्याजासह सुमारे 6 कोटी युरो परत मागितले. तडजोडीत त्या भागातल्या नव्या रोजगारासाठी कंपनीला पैसे मोजावे लागले. नोकऱ्या मात्र परतल्या नाहीत, हेही ध्यानात ठेवा.

निवेदन असं लिहा

एक पान, त्यापेक्षा जास्त नाही. ‘आमच्यावर अन्याय होत आहे’ ने सुरुवात केली की ते पान ढिगात जातं. असं लिहा:

‘विषय: भूखंड क्र. __ वरील कारखान्याचे उत्पादन परदेशी हलवण्याबाबत. (1) दि. __ ते __ या काळात __ साचे व __ यंत्रे विना-परतीच्या पासवर बाहेर गेली, यादी सोबत. (2) बदलाची 21 दिवसांची नोटीस मिळालेली नाही. (3) कंपनीला प्रोत्साहन योजनेतून रु. __ मिळाले, रोजगाराच्या अटीची प्रत सोबत. (4) देणी चुकवल्याचा दाखला मिळेपर्यंत भूखंड हस्तांतरणास परवानगी देऊ नये. (5) दि. __ पूर्वी संयुक्त बैठक लावावी.’

प्रती अपर कामगार आयुक्त, उद्योग सहसंचालक, एमआयडीसीचे प्रादेशिक अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना. विधिमंडळाचं डिसेंबरचं नागपूर अधिवेशन जवळ असेल तर आमदारांकडून लक्षवेधी सूचना मागा. तारांकित प्रश्नाची वेळ बहुतेक निघून गेलेली असते. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चा अडला तरी शिष्टमंडळाच्या हातात हेच एक पान असू द्या.

देणी स्वतः मोजा

मूळ पगार आणि महागाई भत्ता 24,000, सेवा 18 वर्षं. ग्रॅच्युइटी: 24,000 × 15 ÷ 26 × 18 = 2,49,231 रुपये. बंदची भरपाई वेगळी, दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार. इथे 26 चा भागाकार नाही, महिन्याचा निम्मा धरतात: 12,000 × 18 = 2,16,000, आणि इतर भत्ते सरासरीत आले तर जास्त. ‘अपरिहार्य परिस्थिती’ सांगून कंपनी ही भरपाई तीन महिन्यांच्या पगारावर आणू बघते; पण आर्थिक अडचण, न खपलेला माल किंवा संपलेला भाडेपट्टा अपरिहार्य धरला जात नाही. पुनर्कौशल्य निधीचे (नवं कसब शिकण्यासाठीचा निधी) 15 दिवसांचे वेतन कपातीतच, म्हणजे कारखाना चालू ठेवून माणसं कमी केली तरच मिळतं, बंदमध्ये नाही. म्हणून नोटिशीवर ‘कपात’ आहे की ‘बंद’ ते नीट वाचा. ‘स्वेच्छानिवृत्ती’च्या अर्जावर सही केली तर यातलं पुष्कळसं हातचं जातं, तेव्हा तो आकडा वरच्या बेरजेशी ताडून बघितल्याशिवाय पेन उचलू नका.

गिऱ्हाईक येईपर्यंत

तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात डिसेंबर 2020 मध्ये उत्पादन थांबलं. एका चिनी कंपनीशी झालेला विक्रीचा करार सरकारी मंजुऱ्या न मिळाल्यानं 2022 मध्ये बारगळला आणि ह्युंदाईशी करार व्हायला ऑगस्ट 2023 उजाडला. मधली अडीच-पावणेतीन वर्षं कोणाच्या पगारावर काढायची, हा हिशेब करूनच तडजोडीला बसा. कपात झालेल्यांना पुन्हा भरतीत प्राधान्य आहे, पण ते जुन्या मालकाकडे आणि एका वर्षापुरतं. नवा मालक त्याला बांधील नसतो. त्यामुळे ‘या भूखंडावर जो कारखाना येईल तो यादीतल्या कामगारांना आधी विचारेल’ ही ओळ समेट अधिकाऱ्यासमोरच्या करारात आणि एमआयडीसीच्या हस्तांतरण आदेशात, दोन्हीकडे घालून घ्या. सोबत नाव, कसब आणि मोबाइल क्रमांकाची यादी जोडा. क्रमांक बदलला की यादीही बदला.